मदतनिसाला सांगायचं कुणी?

गेल्या अंकात या सदरात मी माझ्या सकाळबद्दल लिहिलं होतं: पलंगावरून चाकाच्या खुर्चीत येईपर्यंत माझ्या मदतनीस ताई काय काय करतात, ते. मानेच्या मणक्याला इजा झाल्यापासून मला छातीखाली संवेदना नाही आणि हातांची बोटं वळत नाहीत. मी पुण्यात राहते, लोकांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रं करते, घर चालवते, आणि हे सगळं दिवसा एक ताई आणि रात्री एक मावशी यांच्या हातांवर चालतं. त्या लेखावर आलेली बहुतेक पत्रं घरच्यांची आहेत. दिव्यांग व्यक्तींनी स्वतः लिहिलेली थोडी, मदतनिसांची त्याहून थोडी. म्हणून या वेळी घरच्यांबरोबर त्या दोघांचीही पत्रं मुद्दाम घेतली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. ट्रॅक्टर उलटून त्याच्या मानेला मार बसला, तेव्हापासून हातपाय चालत नाहीत. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून एक मुलगा चोवीस तासांसाठी ठेवला आहे. मुलगा कामसू आहे, स्वच्छ आहे. पण तो सगळं आईला विचारतो. जेवायला काय देऊ, आंघोळ कधी घालू, टीव्ही बंद करू का. भाऊ त्याच्यावर ओरडतो. परवा तोंडाशी धरलेला पेला मानेने उडवून दिला. आई म्हणते, हाही पळून गेला तर काय करायचं? भावाला कसं समजवावं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, भावाला समजवू नका. आईंशी बोला आणि त्या मुलाशी बोला.

तुमचा भाऊ ३४ वर्षांचा बाप्यामाणूस आहे. त्याच्या अंगावर पाणी कधी पडणार, त्याच्या तोंडात कोणता घास जाणार, हे त्याच्यादेखत दुसरी दोन माणसं ठरवतात. तो ओरडतो यात मला काहीच वावगं दिसत नाही. हात चालत असते तर तो उठून बाहेर गेला असता. मान तेवढी हलते, म्हणून मानेने पेला उडवला.

आईंच्या बाजूनेही मला कळतं. मुलगा मरणाच्या दारातून परत आला, तेव्हापासून त्या त्याला जपताहेत, आणि घरात माणूस टिकवायची काळजीही त्यांच्याच डोक्याला आहे. तेव्हा त्यांना दोष देऊ नका. एवढंच सांगा, की मुलाने काही विचारलं की त्यांनी म्हणायचं, ‘दादाला विचार.’ दर वेळी हेच. आठ-पंधरा दिवसांत तो मुलगा आपोआप पलंगाकडे वळून विचारायला लागेल. आणि एका संध्याकाळी भावाला त्याचा सबंध दिवस सांगू द्या: किती वाजता उठायचं, दाढी रोज की एक दिवसाआड, चहा किती गरम, कोण आलं तर दार लावून घ्यायचं. त्या मुलाने ते वहीत लिहून घ्यावं. वही भावाच्या उशाशी राहील. बदल करायचा तर भाऊ सांगेल.

काही लोकांना वाटतं, स्वतः हलता येत नाही तो काय सूचना देणार? माझ्याकडे नवीन ताई आल्या की पहिले काही दिवस मी प्रत्येक पायरी बोलून करून घेते. ‘आधी खुर्चीचे दोन्ही ब्रेक. उजवा फूटरेस्ट बाजूला. माझी पावलं जमिनीवर, टाचा पूर्ण टेकवा. तुमचा गुडघा माझ्या गुडघ्याला अडवा. मी तीन म्हटल्यावर उचला.’ मोजणी माझी असते, कारण अंगात पेटका येणार असेल तर तो मला आधी जाणवतो, त्यांना नाही. खुर्चीत बसल्यावर मांडीखाली हात फिरवून कपड्याची चुणी काढायची. ती मला टोचत नाही, आणि टोचत नाही हीच तर भीती. संध्याकाळपर्यंत तिथे लाल वळ उठतो, दुर्लक्ष झालं की बेडसोअर, म्हणजे दाबाने झालेली जखम, आणि ती भरून यायला महिने जातात. म्हणून जीन्सच्या मागच्या खिशाची बटणंसुद्धा मी काढून टाकायला लावते. या गोष्टी ब्युरोने शिकवलेल्या नसतात. ज्याचं शरीर आहे त्यालाच त्या सांगाव्या लागतात, आणि तुमचा भाऊ त्या उत्तम सांगू शकेल.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला आजच शिकवा. ज्यांच्या मणक्याची इजा वरच्या भागात आहे, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर, त्यांचा रक्तदाब कधी कधी एकाएकी भयंकर चढतो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम सुटतो. डॉक्टर याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: लघवीची नळी दुमडली आहे, पिशवी भरली आहे, पोट साफ झालेलं नाही, कपडा किंवा पट्टा आवळला आहे. आडवं ठेवायचं नाही. लगेच ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी वरून खालपर्यंत पाहायची. तरी उतरलं नाही तर उशीर न करता हॉस्पिटल. माझ्या खुर्चीच्या पाठीला हे सगळं मराठीत लिहिलेलं एक लॅमिनेट केलेलं कार्ड अडकवलेलं आहे, कारण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे माहीत असेलच असं नाही. भावासाठी तसं करून घ्या. ‘माझं डोकं दुखतंय’ असं तो म्हणाला आणि मदतनीस ‘आईंना विचारून येतो’ म्हणून स्वयंपाकघरात गेला, तर काय होईल याचा विचार करा.

आणि चोवीस तासांचं काय? भावाला रात्री साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागत असणार. म्हणजे तो मुलगा सलग झोपतच नाही, आणि सकाळी त्याच हातांनी भावाला उचलतो. हे दोघांच्याही जिवावरचं आहे. दुसरा माणूस परवडत नसेल तर घरच्या कुणीतरी आठवड्यातल्या काही रात्री वाटून घ्या. ब्युरोवाला ‘चोवीस तास’ असं सहज म्हणतो, पण तो स्वतः तसं एक दिवस तरी राहील का?

भावाला एक गोष्ट वाचून दाखवा. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा माणूस होता. पोरवयात पोलिओ झाला, मानेखाली जवळपास काहीच हलेना, रात्री श्वासासाठी लोखंडी फुफ्फुसाच्या यंत्रात झोपायचा. १९६२ साली तो कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेला. वसतिगृहात सोय नव्हती म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहिला. आपले मदतनीस त्याने आणि मागून आलेल्या त्याच्या सोबत्यांनी स्वतः निवडले, स्वतः शिकवले. १९७२ साली या लोकांनी स्वतंत्र जगण्याचं केंद्र उघडलं. आणि त्या राज्याच्या ज्या पुनर्वसन खात्याने एकेकाळी त्याच्याबद्दल ‘हा नोकरी करूच शकणार नाही’ असा शेरा मारला होता, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये संचालक झाला. त्याचं अंग शेवटपर्यंत तसंच होतं. पण आपल्या मदतनिसांना काय सांगायचं, ते तो स्वतः सांगत होता.

प्रश्न : मी एका घरी बारा तास ड्युटी करते. १९ वर्षांची मुलगी आहे, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हातापायांवर नीट ताबा नाही. तिचं खाणं, आंघोळ, डायपर, व्यायाम सगळं मी करते. तिचं माझं चांगलं जमतं. पण ती झोपली की घरचे भांडी घासायला, भाजी निवडायला सांगतात. नाही म्हटलं तर ‘रिकामीच बसली आहेस ना’ म्हणतात. महिन्यात दोन सुट्ट्या, त्याचेही पैसे कापतात. कंबर भरून येते. काम सोडू का?
— एक मदतनीस, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. आमच्यासारख्यांचं जगणं ज्यांच्यावर उभं आहे त्यांची पत्रं क्वचित येतात.

सोडण्याआधी एकदा कागदावर काम ठरवून घ्या. तिचं ताट, तिचे कपडे, तिची खोली, तिची औषधं, तिचं बाहेर जाणं, हे तुमचं काम. घरची भांडी आणि भाजी तुमची नाही. ती करायची असतील तर वेगळे पैसे ठरवावेत आणि तीही तुमची इच्छा असेल तरच. ती झोपलेली असताना तुम्ही बसता, ते रिकामं बसणं नसतं. तिला ठसका लागला, झटका आला, तर कोण धावणार? तो कान तिकडे लावून ठेवणं हेही कामच आहे. घरच्यांशी बोलताना हे याच शब्दांत सांगा.

आठवड्याची एक सुट्टी मागा, पगार न कापता. मी माझ्या दोघींना ती देते, आणि त्या दिवशी माझी बहीण येते किंवा बदली मदतनीस येते. अडचण होते, होऊ दे. न थकलेल्या माणसाच्या हातात माझा जीव जास्त सुरक्षित असतो.

कंबरेचं मनावर घ्या. मुलगी लहान असताना आई तिला कडेवर उचलायची, त्याच पद्धतीने १९ वर्षांच्या मुलीला उचलायला तुम्हाला सांगत असतील, तर ते बंद करायला हवं. अंथरुणात सरकवायचं असेल तर तिच्या खाली जाड आडवी चादर घाला आणि दोघींनी मिळून चादर ओढा. पलंग तुमच्या कंबरेइतका उंच हवा, ठोकळे लावून करता येतो. उचलताना वाकायचं गुडघ्यात, तिला अंगाशी धरून, आणि पाठीत पीळ द्यायचा नाही, पावलांनी वळायचं. एकटीने उचलायला लावलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या हातून ती पडली तर दोघींचंही नुकसान.

भरवताना तिला सरळ बसवता ना? हनुवटी किंचित खाली, घास लहान, आणि आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. आडवं करून कधीच नाही. अन्न श्वासनलिकेत जातं. हे तुम्हाला बहुधा माहीत असेल, पण तुमच्या सुट्टीच्या दिवशी भरवणाऱ्यालाही शिकवा. अशा गोष्टी तुम्ही घरच्यांना शिकवल्यात की ‘रिकामी’ हा शब्द त्यांच्या तोंडी येणार नाही.

महाराष्ट्रात घरकामगारांसाठी २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना तिथे नोंदणी करता येते. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. पुढे शिकायची इच्छा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने २०२१ मध्ये मेलबर्न विद्यापीठाबरोबर सहा महिन्यांचा समाजाधारित समावेशक विकासाचा अभ्यासक्रम सुरू केला, शिकून तयार झालेल्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. कागद हाती असला की पगाराचं बोलताना बळ येतं.

आणि ही पत्रं वाचणाऱ्या घरच्यांना: तुम्ही ब्युरोला जे पैसे भरता त्यातले तिच्या हातात किती पडतात, हे तिला एकदा विचारा.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे, बौद्धिक दिव्यांग. ती रोज एका कार्यशाळेत जाते, मेणबत्त्या आणि पाकिटं करते. नेण्या-आणण्यासाठी आणि दुपारी सोबतीला एक बाई ठेवली आहे. बाई चांगली आहे, पण मुलीला कुणी काही विचारलं की हीच उत्तर देते. शिवाय मी नोकरीला असते, मनात सतत भीती. घरभर कॅमेरे लावावेत का?
— एक आई, नाशिक

उत्तर : पहिला प्रश्न सोपा आहे, पण त्याला चिकाटी लागते. मागे मी एका दुकानात साडी घ्यायला गेले होते. दुकानदार माझ्याकडे न बघता माझ्या ताईंना विचारू लागला, ‘यांना कोणता रंग चालेल?’ ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. शांतपणे माझ्या खुर्चीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदाराला बघायला मीच उरले, मग तो माझ्याशी बोलू लागला. तुमच्या बाईंना हे शिकवा: मुलीला प्रश्न आला की अर्धं पाऊल मागे व्हायचं आणि थांबायचं. तुमच्या मुलीला उत्तर जुळवायला वेळ लागत असेल. तेवढा वेळ थांबणं हेच त्या बाईंचं त्या क्षणाचं काम आहे. प्रश्न तिला कळला नाही तर सोपा करून पुन्हा विचारावा, दोन वस्तू समोर धराव्यात, ‘हे की हे?’ उत्तर मात्र मुलीचंच. पैसे देणं, उरलेले मोजून घेणंही तिच्या हातून होऊ द्या, रांगेतले लोक कुरकुरले तरी.

आता भीतीचं. ती खोटी नाही, आणि ‘असं काही होत नाही’ असं मी तुम्हाला म्हणणार नाही. कॅमेरा बाहेरच्या खोलीत लावायचा असेल तर बाईंना सांगून लावा. न्हाणीघर आणि कपडे बदलायची खोली इथे मुळीच नको. तिथे मुलीचा आडोसा गेला तर तिला आपण हेच शिकवू, की आपलं अंग कुणीही पाहावं. उलट तिला अवयवांची खरी नावं शिकवा, आंघोळीत कुठे कोण हात लावू शकतं ते शिकवा, आणि जे तिला स्वतः धुता येतं ते तिलाच धुऊ द्या. मधूनच, न कळवता घरी या. रोज रात्री तिला दिवस विचारा. बोलणं कमी असेल तर चित्रांवर बोट ठेवून सांगू दे. ती एकाएकी खाईनाशी झाली, एखाद्या खोलीत जाईना, बाई आली की आक्रसली, तर त्याला ‘हट्ट’ म्हणू नका. मुलीचा फोटो किंवा व्हिडिओ बाईंनी कुणालाही पाठवायचा नाही, कौतुकानेही नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ प्रमाणे छळाची किंवा शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, शेजारीसुद्धा. आणि कलम ९२ मध्ये, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्नपाणी न देणं हासुद्धा सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे. बाईंना हे धमकी म्हणून सांगू नका, पण घरात हे सर्वांना माहीत असू द्या.

आणखी एक. ही बाई ठेवताना मुलीला विचारलं होतं का? पुढच्या वेळी दोन-तीन जणींना चहाला बोलवा आणि मुलगी कुणाबरोबर हसते, कुणाला आपली मेणबत्ती दाखवते, ते पाहा.

प्रश्न : मला दिसत नाही. मैत्रीण मला कॉलेजात नेते, पण दंड धरून पुढे ढकलत नेते आणि मी अडखळते. तिला वाईट न वाटता कसं सांगू?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तिने तुम्हाला धरायचं नाही, तुम्ही तिचं कोपर धरायचं, आणि तिने अर्धं पाऊल पुढे चालायचं. तिचं अंग वर-खाली होतं, वळतं, ते तुमच्या हाताला आधीच कळतं. जिना आला की तिने क्षणभर थांबून ‘जिना, वर’ किंवा ‘जिना, खाली’ एवढं म्हणावं. अरुंद जागेत हात पाठीमागे न्यावा म्हणजे तुम्ही तिच्या मागे याल. खुर्चीत बसवायची गरज नाही, तुमचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला की पुरे. हे तिला एकदा दाखवा, कॉलेजच्या मोकळ्या पटांगणात. वाईट वाटणार नाही. तिचाही खांदा दुखायचा थांबेल. परीक्षेला लेखनिक घेणार असाल तर तासामागे वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तो मागून घ्या.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला स्नायूंचा आजार आहे, आता हातही उचलत नाहीत. मदतनिसाचा खर्च आमच्या मिळकतीच्या निम्म्याहून जास्त आहे. सरकारकडून यासाठी काही मिळतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, हा प्रश्न घरोघरी आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त छळतो. मदतनीस नसल्यामुळे नोकरी सोडलेले, शिक्षण सोडलेले, वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेले किती तरी लोक मला माहीत आहेत. त्यांना औषधाची नाही, माणसाची गरज आहे.

कायद्यात याला जागा आहे. २०१६ च्या अधिनियमात ‘उच्च सहाय्य’ अशी तरतूद आहे: रोजच्या व्यवहारांसाठी, निर्णय घेण्यासाठी, शिक्षण-नोकरीसाठी ज्याला सखोल मदत लागते, तो किंवा त्याच्या वतीने कुणीही कलम ३८ खाली सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतो, आणि मूल्यांकन मंडळाने गरज तपासून अहवाल द्यायचा असतो. कलम २४ मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे, सरकारच्या आर्थिक क्षमतेची अट घालून. केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेत घरी सांभाळणाऱ्याला दरमहा मदत द्यायला सुरुवात केली, ती पुढे वाढत महिना ६०० रुपये झाली. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणाऱ्याच्या कामाला पैशाचं मोल असतं हे त्यात मान्य झालं. आपल्याकडे ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग झाला. हे मागणं त्याच्या दारात सतत न्यायला हवं, आणि एकेकट्याने नेण्यापेक्षा तालुक्यातल्या पाच-दहा घरांनी मिळून न्यावं.

आज हाताशी असलेल्या गोष्टी अशा. रेल्वेत, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला स्लीपर आणि थ्री टायर एसीत ७५ टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. म्हणजे मदतनीस बरोबर नेता येतो. जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग कुटुंबीयासाठी ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपये वजावट मिळत आली आहे. त्यासाठी खर्चाच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर ती मिळत नाही, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा किंवा मला पाठवा, मी बघून देईन.

अर्ज मात्र आत्ताच तयार करा. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत, डॉक्टरांचं पत्र, आणि तुमच्या हाताने लिहिलेलं एक पान: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत नवऱ्याला कोणकोणत्या गोष्टीला दुसऱ्याचा हात लागतो, प्रत्येकीला किती वेळ लागतो, आणि आत्ता तो हात कुणाचा असतो. अंगावर बसलेली माशी हाकलण्यापर्यंत सगळं लिहा. ते पान नवऱ्याला वाचून दाखवा, त्यांना वाटेल ते घालू-काढू द्या, सही किंवा अंगठा त्यांचाच घ्या. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात किंवा जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.